तीन वायरींची वेणी

माझ्या हातानं बांधलेली गाठ आजवर आपणहून सुटलेली नाही. मग ती पोत्याची असो, गादीची असो, नाहीतर माणसाची. शाळेत मी फार टिकले नाही, पण घर कसं लावायचं हे फळ्यावर लिहून शिकवायची वेळ मी कुणावर आणली नाही. तेव्हा सुनेच्या कारखान्याला शिस्त मीच लावणार हे ठरलेलं होतं. सुनेला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

कारखाना म्हणजे घरामागची गाडी ठेवायची खोली. आमच्याकडे गाडी नाही, सून आहे. ती तिथं कपाटं करते, टेबलं करते. माझा मुलगा खिळा ठोकायचा म्हटलं की आधी मलमपट्टी शोधून ठेवतो, आणि ही बाई उभीच्या उभी फळी चिरते. काम देखणं आहे. मी ते तिच्या तोंडावर बोलत नाही, तुम्हालाच सांगतेय.

पण खोलीतली जमीन बघवत नव्हती. तीन मशीनं. एक करवतीचं, टेबलाएवढं, मधोमध दातेरी गोल पातं. दुसरं लाकूड घासायचं. तिसरं भुसा ओढून घेणारं, ते तर कामभर घोंघावतच असतं. तिघांच्या काळ्या वायरी जमिनीवर अशा लोळायच्या, जणू सापाच्या घरी पाहुणे उतरलेत. एक दिवस माझा पाय अडकला आणि मी थेट भुशाच्या ढिगात बैठक मारली.

"आई, लागलं का?"

"मला काय लागतंय? तुझ्या वायरींना विचार."

"छताला लावायला हुक मागवलेत. आले की एकेक वायर वर टांगते."

हुक म्हणे. वायर आवरायला दुकान लागतं होय? चार पोरींच्या वेण्या घालून मी त्यांना वेळेवर शाळेत धाडलंय, त्यातली एक तर वेणी घालताना पळायची.

दुसऱ्या दिवशी सून लाकूड आणायला गेली आणि मी कारखान्यात शिरले. भिंतीवरच्या बोर्डातून तिन्ही पिना उपटल्या, तीन पेड धरले आणि बोर्डापासून दारापर्यंत अशी घट्ट वेणी घातली की बघत राहावं. शेवटी नातीची लाल रिबीन. मग पिना होत्या तशा बोर्डात लावून टाकल्या. होत्या तशा म्हणजे, तीन भोकं होती, तीन पिना होत्या, सगळ्या बसल्या.

सून आली ती दारातच थबकली. "आई, वायरींना वेणी?"

"मग काय मोकळे केस सोडून बसायचं?"

ती हसली, पण अर्धंच. "संध्याकाळी सोडवते. दातांच्या डॉक्टरांचं कपाट आज द्यायचंय." आणि कानावर ते मोठे डबे चढवून कामाला लागली. ते डबे घातले की तिला ढगफुटीसुद्धा ऐकू येत नाही. मला वाटतं, त्यातले निम्मे माझ्यासाठीच घेतलेत.

दुपारी मी चहा घेऊन दारात आले. ती पातं बदलायच्या तयारीत होती. तिचा नेम असा, की पातं बदलायचं तर आधी करवत थांबवायची आणि पिन काढायची. दाराकडच्या भोकात करवतीची पिन, हे तिनं कायमचं ठरवून ठेवलेलं. तिनं करवत थांबवली, बोर्डाकडे न बघता सवयीनं हात घातला, दाराकडची पिन काढली आणि पाना घेऊन पात्यावर वाकली.

त्याच क्षणी भुशाच्या मशीनचा घोंघाट बंद पडला.

तिच्या कानावर डबे होते, तिला कळलं नाही. मला कळलं. भुशाचं मशीन बंद पडलं, म्हणजे काढलेली पिन भुशाच्या मशीनची. म्हणजे करवतीची पिन अजून बोर्डात. तिची पाचही बोटं पात्यावर. आणि करवतीचं हिरवं बटण खाली, तिच्या गुडघ्यापासून वीतभर.

हातातला चहा मी जमिनीवर ठेवला की सोडला, आठवत नाही.

हाक मारून उपयोग नव्हता. खांद्याला हात लावला तर ती दचकणार, दचकली की गुडघा हलणार. बोर्ड तिच्या पाठीमागं, तिला न घासता तिथं जाता येईना. एरवी दाराएवढी ऐसपैस असल्याचा मला अभिमान आहे, पण त्या क्षणी मला काडी व्हायचं होतं.

वेणी तेवढी माझ्या पायाशी होती. मी ती धरली आणि ओढली. बोर्ड ढिम्म. उलट पलीकडं टेबलावरचं घासायचं मशीन सरकत कडेला आलं. ते पडलं असतं तर ती वळलीच असती. इकडं सुनेनं पान्याला जोर दिला, नट सुटेना. तिनं पाय रोवले. गुडघा बटणाकडं सरकला.

मग मशीनांकडच्या वेणीवर मी पाय दिला, बोर्डाकडची बाजू हाताला गुंडाळली आणि जन्मभर खाल्लेलं सगळं अन्न पणाला लावून मागं झेपावले.

राहिलेल्या दोन्ही पिना सुटल्या. मी दाराच्या बाहेर उताणी. जमीन हादरली तशी सून गर्रकन वळली आणि तिचा गुडघा बटणावर बसला. खट.

पातं हललं नाही.

तिनं बटणाकडं पाहिलं, पात्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या वेणीकडं. डबे हळूच खाली उतरवले. तिचा चेहरा भुशासारखा झाला होता.

"आई, मी काढली ती पिन कुठली होती?"

"भुशाची."

ती खाली माझ्याजवळ येऊन बसली. एकेक करून आपली बोटं मोजली. मलाच राहवेना.

"बघ," म्हटलं, "वेणी होती म्हणून एका ओढीत सगळ्या सुटल्या."

"वेणी नसती तर ओढायची वेळच आली नसती."

मी रिबीन सोडायला घेतली. गाठ माझ्याच हातची, शेवटी तिनं कात्रीनं कापली.

हुक आले. आता प्रत्येक वायर वेगळी छताला टांगलेली आहे आणि पिनांना रंगीत चिंध्या बांधल्यात. शिवाय सुनेनं मला मानाचं काम दिलंय. पातं बदलायचं झालं की ती हाक मारते, स्टुलावर बसवते, करवतीची पिन काढून माझ्या मुठीत देते आणि म्हणते, "आई, मी सांगेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरा." माझ्याशिवाय तिचं पातं हलत नाही, हे मी शेजारणीला दोनदा ऐकवलंय.

परवा मुलगा तिला विचारत होता, "पिन काढलीस ना, मग ती आईला कशाला धरायला लावतेस?"

"तेवढा वेळ त्यांचे दोन्ही हात कुठं आहेत ते मला दिसतं," ती म्हणाली.