क्लाइव्ह पेंबर्टन डिझेल सोडतो

त्या शनिवारी क्लाइव्ह पेंबर्टनने खरं तर फक्त बोटीच्या इंजिनाचं तेल बदलायचं ठरवलं होतं. तेवढं करून तो गप्प बसला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण जुन्या काळ्या तेलाची बादली त्याने क्षणभर, अगदी क्षणभरच, पलंगावर टेकवली. पलंगावर त्याच्या बायकोने, नोरीनने, हिवाळाभर बसून शिवलेली गोधडी होती. (सात फूट रुंद बोटीत बादली ठेवायला दुसरी जागाच नसते, हा त्याचा मुद्दा नोरीनने ऐकूनही घेतला नाही.)

"बस्स झालं!" नोरीन म्हणाली. "बारा वर्षं सोसतेय. केसांना डिझेलचा वास, पावाला डिझेलचा वास, आणि वर ती धडधड! तुला या उन्हाळ्यात कालव्याने थेट लँगॉलन गावापर्यंत जायचंय ना? मग हे इंजिन तरी जाईल, नाहीतर बोट तरी विकली जाईल. काय ते ठरव."

क्लाइव्ह हा स्टोन गावच्या शाळेतला भूगोलाचा निवृत्त मास्तर. बोटीवर त्याचा जीव होता आणि नोरीनवाचून बोटीवर त्याला करमत नसे. शिवाय त्याच्या डोक्यात एक किडा पूर्वीपासून वळवळत होता. इंजिनच नसेल, तर कालवा ऐकायला कसा वाटत असेल? डिझेल काढून विजेची मोटर बसवायची, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

शेजारच्या बोटीवर एनिड राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, आणि तिच्या बोटीचं इंजिन तिच्याहूनही थोरलं.

"राजा, विजेवर चहाची किटली चालते," ती म्हणाली. "बोट कशी चालायची?"

"पाण्यातला पंखा फिरवायचा, एवढंच तर काम आहे, एनिड."

"ते खरं. पण एवढं लोखंड काढल्यावर बोटीचं बूड जागेवर राहील का, ते बघितलंस?"

क्लाइव्हने ते हसण्यावारी नेलं. भूगोल शिकवलेल्या माणसाला पाण्याबद्दल काय सांगायचं?

क्रेनने इंजिन उचललं, त्याच्या जागी भोपळ्याएवढी मोटर बसली आणि बॅटऱ्या पुढच्या बाजूला पलंगाखाली गेल्या. उद्घाटनाला काठावरची सगळी मंडळी चहाचे मग घेऊन जमली. क्लाइव्हने टोपी सारखी केली, दांडा पुढे लोटला, आणि बोटीच्या मागे भलंमोठं कारंजं उडालं. पहिल्या रांगेतले प्रेक्षक चहासकट भिजले. बोट मात्र तसूभर हलली नाही. मागचं वजन गेल्यामुळे तिचं बूड वर आलं होतं आणि पंखा निम्मा पाण्याबाहेर फिरत होता.

"राजा," एनिड तोंड पुसत म्हणाली, "वारा मात्र झकास येतोय."

आता मागे वजन हवं होतं, तेही ताबडतोब. क्लाइव्हला घरामागच्या अंगणातल्या दगडी फरश्या आठवल्या. नोरीन बहिणीकडे गेली होती. तेवढ्या वेळात त्याने ढकलगाडीच्या कितीतरी फेऱ्या मारल्या. संध्याकाळी नोरीन चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारी आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"क्लाइव्ह, अंगण कुठाय?"

"बोटीत."

"सगळं?"

"दोन फरश्या ठेवल्यात ना! तुझ्या खुर्चीपुरत्या."

नोरीनने ट्रे तसाच आत परत नेला. पण दुसऱ्या दिवशी बूड पाण्यात टेकलं, पंखा बुडाला आणि बोट निघाली.

आणि काय निघाली! पुढच्या टोकाला पाणी हळूच दुभंगताना ऐकू येत होतं. काठावरची गाय गवत तोडत होती, तेही ऐकू येत होतं. लव्हाळ्यात कसला तरी चिमुकला पक्षी चिवचिवत होता. बारा वर्षं त्याच्या शेजारून जाऊन क्लाइव्हला त्याचा पत्ता नव्हता. नोरीन पुढे बसली होती. कपातला चहा हिंदकळतही नव्हता.

"किती छान रे!" ती म्हणाली. साध्या आवाजात म्हणाली, आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला, सुकाणूपाशी, क्लाइव्हला ते स्वच्छ ऐकू आलं. त्याला भरून आलं. मग तो नेहमीसारखा सुकाणूला टेकून विचार करू लागला.

"काय म्हणालास?" नोरीनने वळून विचारलं.

"मी? काही नाही."

थोड्या वेळाने ती पुन्हा वळली. "बदकाचं काय म्हणत होतास?"

"कुठे काय? मी आपला विचार करतोय."

"मोठ्याने?"

क्लाइव्ह चपापला. पण सवय कुठली जायला? "हा पूल विटांचा. मागचाही विटांचाच होता. पुढचा बघू. बदक. आणखी एक बदक. हे बहुधा मघाचंच. या बाजूच्या ओढ्याचा उगम कुठे असेल बरं? उत्तरेला असणार, कारण उतार असा आहे..."

काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाने मानही वर केली नाही. "पुढचा पूलही विटांचाच आहे, साहेब," तो म्हणाला. "आता जरा गप बसा, मासे पळतायत."

नोरीन उठून मागे आली. "क्लाइव्ह, बारा वर्षं हे असंच चाललं होतं?"

"असेल," क्लाइव्ह म्हणाला. "मला तरी कुठे ऐकू येत होतं?"

परतीच्या वाटेवर ती पुन्हा पुढे जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसली. क्लाइव्हने बोट काठाला बांधली.

"म्हणजे विकायची?" त्याने कसंबसं विचारलं.

"विकायची कशाला? येतेय मी लँगॉलनला." तिने त्याच्या गालावर थोपटलं.

क्लाइव्ह आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. निघायच्या दिवशी त्याने पितळ घासलं, पुढच्या खुर्चीवर उशी मांडली आणि तो वाट पाहत उभा राहिला. नोरीन पिशव्या घेऊन आली, त्याला हात केला, आणि पुढे जाऊन सरळ एनिडच्या बोटीवर चढली. एनिडचं म्हातारं इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि सगळा काठ हादरवत धडधडू लागलं.

"एनिडलाही तिकडेच जायचंय," नोरीन ओरडली. "आम्ही आहोतच तुझ्या मागे!"

"अगं, पण तो वास! तो आवाज!"

नोरीनने धुरात पाय पसरले आणि समाधानाने डोळे मिटले.

पहिला पूल आला. क्लाइव्ह मागे वळला आणि हातवारे करून तो पूल कसा बांधला असेल ते सांगू लागला. नोरीन त्याच्याकडे बघून प्रेमाने हसली. मग तिने एनिडला कोपराने ढोसलं, आणि एनिडने इंजिन आणखी जोरात सोडलं.