कॉम्प्युटरने जुळवलेला उखाणा

मुलांनो, सोलापुरात आमच्या शेजारी राहणारे सिद्रामप्पा रोजची भाजी कवड्या टाकून ठरवत. नियम एकच: काल झालेली भाजी आज नाही. त्यामुळे होणारे व्याही पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा पानात कारली होती.

"नशीब मोकाट सोडायचं न्हाय, वैनी. नियमाचं दावं लावायचं," असं ते म्हणत.

ते कॉलेजात गणित शिकवत. सत्तरच्या दशकात पुण्याच्या एका उन्हाळी वर्गात त्यांनी खोलीएवढा कॉम्प्युटर पाहिला आणि कवड्या त्यांना किरकोळ वाटू लागल्या.

त्याच सुमारास त्यांच्या उमाचं लग्न मोहोळच्या प्रभाकरशी ठरलं. उमा बोलताना अडखळायची. पंगतीत सासरच्या बायकांसमोर उखाणा घेऊन नवऱ्याला घास भरवायचा, या धास्तीने तिला अन्न जाईना. "मावशी, त्या दिवशी ताप आला तर बरं," ती मला म्हणाली.

आई नसलेल्या पोरीसाठी सिद्रामप्पा पुण्याला गेले. यंत्राला शब्द दिले, प्रत्येक शब्दाला एक आकडा. यंत्राने आकड्यांची सोडत काढायची, निघतील ते शब्द ओळीत बसवायचे, यमक जुळलं तरच छापायचं. इंग्रजी अक्षरांत छापलेला लांबलचक कागद घेऊन ते परतले.

मी मोठ्याने वाचलं, "रेशमाच्या सासूला लोण्याचा वास..."

"अहो, मुलीला मांडवातूनच परत पाठवतील!" मी म्हणाले.

"अजून हायत की, वैनी. लई हायत!"

शेवटी त्यातला एक बरा निघाला.

पंगतीत उमा उभी राहिली. "साखरेच्या लाडवाला वेलचीचा वास, भरवते मी प... प..."

"नवऱ्याचं नाव इसरली काय गं?" कुणीतरी टोमणा मारला. बायका हसल्या. प्रभाकरने मात्र घासासाठी उघडलेलं तोंड मिटलं नाही. तसाच आ वासून, तिच्याकडे बघत बसला.

"...प्रभाकररावांना घास!"

दाराआड उभ्या सिद्रामप्पांच्या हातातला कागद घामाने भिजला होता. मी सहज विचारलं, "एवढे उखाणे, पण कुंकू नाही, पुरणपोळी नाही, कमळ नाही, असं कसं?"

"क आन् प वर पोरगी अडती, वैनी. तसले सगळे शब्द काढून टाकलेवते." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "जावयाचं नाव तेवढं काढता आलं न्हाय."