बटाट्याचा अर्ज नामंजूर

टिक्.

आमच्या घरात दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शांतता सुरू होते आणि धाकट्याचे डोळे उघडेपर्यंत टिकते. ती मोडणारा हा आवाज गॅरेजमधून येतो. तिथे बाईसाहेबांच्या पोटाखाली मी बिस्किटं भाजायचा ट्रे ठेवलाय, त्यात गंजाचा एकेक पापुद्रा पडत असतो. मनुष्यप्राणी ज्या वस्तूवर प्रेम करतो ती चालू असायलाच हवी असं नाही. किंबहुना बंद असली तर प्रेमाला सवड जास्त मिळते. हे सत्य मला त्या ट्रेने शिकवलं.

बाईसाहेब म्हणजे माझ्या नवऱ्याची, कर्टची, १९८९ सालची लाल, दोन दारांची गाडी. त्या शेवटच्या चालल्या तीन उन्हाळ्यांपूर्वी, चार जुलैला. अकरा मैल गेल्या. परत आल्या त्या ट्रकच्या पाठीवर बसून, आणि वाटेत लोकांनी हात हलवले. आमची पहिली भेटही त्यांच्यातच झाली. कर्टचा बेत मला आइस्क्रीम खायला घालून तासाभरात घरी सोडायचा होता. बाईसाहेब तळ्याकाठी बंद पडल्या, चार तास बोलणं झालं, आणि आता दोन मुलं आहेत. (माझ्या संसाराचं मूळ एका जळक्या वायरीत आहे.)

इथे अमेरिकेत, सरोवराकाठच्या आमच्या इरी गावात नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ टाकतात. आधी बर्फ विरघळतो, मग गाड्या. या दुसऱ्या विरघळण्याविरुद्ध उभी राहिलेली संस्था म्हणजे 'सरोवरकाठ जुनी गाडी जगवा मंडळ'. सभासद सात, वेल्डिंगची यंत्रं चार, अध्यक्ष बर्नी कोवॅक, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे नवे. मंडळाची बैठक दर शनिवारी आमच्या गॅरेजात भरते आणि सगळ्यांच्या टोप्यांवर ब्रीदवाक्य शिवलेलं असतं: 'आम्ही मोडीत काढत नाही.' माझ्या मुलीने, मार्गोने, पाच वर्षांच्या आयुष्यात अक्षरं जुळवून स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य हेच. त्या दिवशी बर्नीला टोपी काढून तिच्यासमोर दहा मिनिटं धरावी लागली.

मंडळाचं कामकाज अत्यंत शिस्तीचं आहे. दुसऱ्याच्या गाडीला बोट लावू नये, हा पहिला नियम; कारण बोट लावेपर्यंत तिथे भोक नसतं, 'वरवरचा गंज' असतो. (व्याख्या: बसल्या जागी पाय गाडीच्या तळातून जमिनीला लागला, तरी बूट पायातच राहिला असेल तर गंज वरवरचा.) दुसरा नियम, 'आता थोडंच राहिलंय' हे वाक्य एका बैठकीत एका सभासदाने चारपेक्षा जास्त वेळा म्हणू नये. कर्टने पुढच्या तीन बैठकांचा वाटा आधीच वापरलाय.

मंडळाने बारा वर्षांत वाचवलेल्या गाड्या: नऊ. त्या नवांना मीठ लागू नये म्हणून त्यांच्याऐवजी मिठात चालवून संपवलेल्या हिवाळी गाड्या: एकोणपन्नास. हा दुसरा आकडा वार्षिक अहवालात नसतो. मी एकदा विचारलं, तर बर्नी माझी समजूत घालत म्हणाला, "पोरी, त्या गाड्या नव्हेत, ते बूट. बूट झिजले म्हणून कोणी रडतं का?"

बटाटा हा आमचा बूट.

तपकिरी रंगाची, सरकत्या दाराची ही व्हॅन एका हिवाळ्यापुरती घेतली होती. सहा हिवाळे झाले. नाव मार्गोने ठेवलं. दोन्ही मुलं दवाखान्यातून घरी आली ती बटाट्यातून. अख्खं तळं गोठलं तरी हा एका किल्लीत सुरू होतो. बाईसाहेबांच्या कथा सांगायला बसलं तर आमच्याकडे पाहुण्यांची ताटं थंड होतात. बटाट्याची एकही नाही. कधी बंदच पडला नाही, तर कथा येणार कुठून? (मी आजारी पडल्याचंही घरात कोणाला आठवत नाही. मलाही नाही.)

एप्रिलमध्ये मी बटाट्याला वार्षिक तपासणीला नेलं. आमच्या भागात हे काम डोलोरेस पाखोल्का करते. लाकडी दांड्याची छोटी हातोडी घेऊन ती गाडीखाली शिरते, ठोकते आणि ऐकते. टण् आलं तर शिक्का, थप् आलं तर भोक.

थप्.

"सरकत्या दाराखाली आहे गं," डोलोरेस खालूनच ओरडली. "मुलांच्या पायाशी. महिनाअखेर तुझा शिक्का संपतोय, नवा नाही देता येणार मला."

"किती मोठं आहे?"

"तळहाताएवढा पत्रा लागेल. अर्ध्या दिवसाचं काम. बाहेर विचारू नकोस, जूनपर्यंत गावातला प्रत्येक वेल्डर कुठल्या ना कुठल्या लाल गाडीखाली झोपलाय. पण तुझ्या घरी दर शनिवारी सात बाप्ये ठिणग्या उडवतात ना? सांग की त्यांना, चार टाके घाला म्हणावं."

"बाबा करतील," मार्गो मागच्या सीटवरून म्हणाली. "त्यांच्या टोपीवर लिहिलंय."

घरी येऊन मी कर्टला सांगितलं. तो बाईसाहेबांखालून अर्धा बाहेर आला.

"बटाट्याला? वेल्डिंग? ट्रिश, तुला बरं वाटतंय ना?"

"अर्धा दिवस रे."

"अगं, पुढच्या हिवाळ्याची गाडी बघूनसुद्धा ठेवलीय मी. करडी. तिला तर अजून भोकंच नाहीयेत!"

"तुमच्या टोपीवर काय लिहिलंय?"

कर्टने टोपी काढली आणि पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचली. मग तो म्हणाला, "ते मंडळाच्या गाड्यांबद्दल आहे. बटाटा मंडळाचा नाही."

"मग त्याला मंडळात घ्या," मार्गो म्हणाली.

घटनेप्रमाणे त्याला लेखी अर्ज लागतो, असं बर्नीने फोनवर कळवलं. अर्ज लिहायला मला धाकट्याच्या तीन झोपा लागल्या. 'माननीय अध्यक्ष महोदय, उपरोक्त वाहन निष्ठेने सेवा बजावत असून...' शेवटी मार्गोने सहीऐवजी बटाट्याचं चित्र काढलं. त्याला चार चाकं होती आणि तो हसत होता.

शनिवारी मंडळाने छाननी केली. निर्णय इतका निःपक्षपाती होता की तो जसाच्या तसा देणं माझं कर्तव्य आहे.

'निकष पहिला: वाहन किमान तीन वर्षे बंद असावे. (नाही. छाननी सुरू असतानाच अर्जदार सदर वाहनातून सभासदांसाठी गरम पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, घेऊन आली.) निकष दुसरा: सुटे भाग कुठेही मिळत नसावेत. (मिळतात. किराणा दुकानाशेजारी.) निकष तिसरा: वाहनामुळे मालक किमान एकदा रडलेला असावा.' इथे मला विचारण्यात आलं. मी रडले आहे; पण बटाट्यात बसून, बटाट्यामुळे नाही. नियमात तो फरक स्पष्ट आहे. 'निकष चौथा: मालकाच्या जोडीदाराचा दुरुस्तीस तीव्र विरोध असावा.' यावर मात्र बैठक अडली. बायको स्वतःच वेल्डिंग मागतेय, असा प्रसंग मंडळाच्या इतिहासात कधी आला नव्हता. दोन सभासदांना खाली बसावं लागलं.

'सबब, सदर वाहन उत्तम चालत असल्याने वाचवण्यास अपात्र ठरते.'

बाजूने शून्य, विरोधात सात. मार्गोनेही हात वर केला होता, तो मोजला नाही.

"मनाला लावून घेऊ नकोस गं, पोरी," बर्नी पिरोगी खाताखाता म्हणाला, आणि त्याची नजर बटाट्याच्या बॉनेटवर गेली. त्याने बोटाच्या गाठीने ठोकलं. टण्. "कर्ट! अरे, हा पत्रा ऐकलास का? झकास आहे की!"

पुढच्या चाळीस मिनिटांत मंडळाने जी चपळाई दाखवली ती मी बारा वर्षांत पाहिली नव्हती. बटाट्याला हवा असलेला तुकडा: तळहाताएवढा. बटाट्याने बाईसाहेबांना दिलेला तुकडा: दोन फूट बाय दीड. संध्याकाळपर्यंत बाईसाहेबांना या शतकात प्रथमच सलग तळ मिळाला. टाळ्या झाल्या. कर्टचे डोळे भरून आले. (निकष तिसरा.)

मार्गो कानांवरचे हात काढून म्हणाली, "आता बाईसाहेबांचा कापून काढलेला तुकडा बटाट्याला लावा."

"तो गंजलाय ना, राजा," कर्ट प्रेमाने म्हणाला. तो खरोखरच प्रेमळ माणूस आहे.

बाईसाहेब पुढच्या महिन्यात प्रदर्शनाला जाणार आहेत. अंगावर फलालीन पांघरून, बंद ट्रेलरमध्ये बसून. बटाटा तीस एप्रिलला मोडीच्या अंगणात गेला तो स्वतःच्या चाकांवर. वाहून न्यायला ट्रक कशाला? चालतोय की. मी चालवत होते, मार्गो मागे, तिच्या पायाशी ते भोक. पाठोपाठ धाकट्याला घेऊन कर्ट, करड्या गाडीत. बटाटा एका किल्लीत सुरू झाला. बॉनेटच्या चौकोनातून त्याचं इंजिन उघडं दिसत होतं आणि सिग्नलला थांबलेले लोक माना वाकवून आत बघत होते.

वाटेत मला मागून कुजबुज ऐकू येत होती. आधी वाटलं गाणं म्हणतेय. मग शब्द कळले.

"बंद पड. बंद पड ना, बटाट्या. थोडासाच."

वाचकहो, तुम्ही हसत असाल तर हसा, माझी हरकत नाही. फक्त जमल्यास आपल्या घरात एकदा नजर फिरवा, आणि तिथलं जे कधीच बंद पडलं नाही त्याची एखादी आठवण सांगून बघा. मी थांबते.

नाही ना आठवत?

बारा मैल झाले. बाईसाहेबांच्या विक्रमाहून एक जास्त. मोडीच्या फाटकातला माणूस हातातली कागद लावलेली फळी सावरत आला, उघड्या इंजिनाकडे बघून हसला आणि म्हणाला, "चालत आला? शाब्बास रे पठ्ठ्या! बाई, तिकडे त्या ढिगापाशी लावा आणि किल्ली आतच राहू द्या."

मी लावला. किल्लीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. बटाटा घड्याळासारखा चालत होता. मार्गोने पट्टा सोडला, दोन सीटच्या मधून पुढे आली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"आई," ती म्हणाली, "बटाटा एकदा जरी बंद पडला असता, तर बाबांनी त्याला ठेवलं असतं?"