फिटरकाकांचं उलटं इंजिन

गॅस्केट निवडायला अक्कल लागत नाही, माप लागतं. फिटरकाकांनी हे मुलीला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं आणि त्याने काही विचारलेलं नसताना दूधवाल्यालाही सांगितलं.

"चप्पल घेण्यासारखं आहे ते. पायाचं माप न्यायचं, जोड घेऊन यायचा."

चाळीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. त्याला कोण काय सांगणार?

गाडी त्यांच्या बायकोची. जुनी, लांब नाकाची, एका रांगेत सहा सिलिंडर. चालवायची ती, दुरुस्त करायचे हे, आणि या वाटणीबद्दल तीस वर्षांत कोणाची तक्रार नव्हती. ती गेली त्याच्या महिनाभर आधी इंजिनाच्या तेलात पाणी शिरलं. म्हणजे हेड गॅस्केट गेलं. इंजिन आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधे बसणारा भोकाभोकांचा तो पातळ पत्रा. नंतर गाडीकडे बघायला कोणाला सवड नव्हती. वर्ष गेलं.

"बाबा, रविवारी भंगारवाला येतोय," मुलगी म्हणाली. "तोवर सुरू झाली तर राहील. नाही तर मला शेड मोकळी हवी."

"रविवार लांब आहे," काका म्हणाले. त्या दिवशी सोमवार होता.

शेजाऱ्याला हाताशी धरून त्यांनी हेड उतरवलं आणि जेवणाच्या टेबलावर उताणं ठेवलं. जुनं गॅस्केट वाळक्या पानासारखं चुरा होऊन निघालं, त्यामुळे नमुना उरला नाही. माप इंजिनावरून घ्यायचं तर बॉनेटमधे वाकावं लागणार, आणि काकांची कंबर वाकण्याच्या बाबतीत सासूसारखी वागत होती. मग त्यांनी उताण्या हेडवरच मोठा कागद पसरला आणि काळं बोट फिरवून भोकाभोकाचा ठसा उठवला. सुबक काम. कागदाची गुंडाळी बगलेत मारून ते दुकानात गेले.

दुकानदाराने गाडीचं साल विचारून बरोबर पाकीट काढलं. गॅस्केट कागदावर ठेवलं. सहा मोठी भोकं बसली. पाण्याची बारकी भोकं मात्र सगळी दुसऱ्या बाजूला.

"उलटं ठेवलं तर बसतंय, काका."

"त्याच्यावर 'वर' असं कोरलंय. ती अक्षरं खाली घालून बसवायचं? चाळीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

दुकानदाराने आधीच्या सालाचं काढलं. नंतरच्या सालाचं काढलं. सगळ्यांची तीच तऱ्हा. शेवटी तो चष्मा काढून हळूच म्हणाला, "काका, रागावू नका. तुमचं इंजिनच उलटं ओतलं गेलंय."

रागावणार कशाला? काकांना आतून बरंच वाटलं. आपल्या गाडीसारखी दुसरी नाही असं बायको नेहमी म्हणायची. आता पुरावा मिळाला.

बुधवारी दोन मेकॅनिक उलटं इंजिन बघायला घरी आले. एकाने फोटो काढले. दुसरा बराच विचार करून म्हणाला, "म्हणजे हे फिरतंही उलटं. पहिल्या गिअरला गाडी मागे जात असणार."

"मग माझी आई तीस वर्षं मागे मागे जात बाजारात पोचायची का?" मुलीने विचारलं.

मेकॅनिकने यावरही विचार केला.

शुक्रवारी मुलीचा धीर सुटला. "पाच दिवस मी ताट मांडीवर घेऊन जेवतेय. हे धूड उचला आधी." दोघांनी हेड उचललं आणि जमिनीवर पालथं घातलं, जसं ते इंजिनावर बसतं तसं. काका बघत राहिले. डावीकडच्या भोकांची बाजू आता उजवीकडे गेली होती.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही."

मुलीने कागद पाहिला, हेड पाहिलं. "माप तळव्याकडून घेतलंत की काय? खालून बघितलं तर डावा पाय उजवाच दिसणार."

काका चप्पल घालून बाहेर पडले.

दुकानात चार माणसं उभी होती आणि दुकानदार त्यांना उलट्या इंजिनाबद्दलच सांगत होता. खरं बोलायला जागाच नव्हती.

"ते पहिलंच गॅस्केट द्या," काका म्हणाले.

"पण इंजिन?"

"सुलटं करून घेतलं."

"कुठे?"

"घरीच."

दुकानदाराने दोन्ही हातांनी पाकीट दिलं.

रविवारी भंगारवाला शेडच्या दाराशी हात मागे बांधून उभा होता. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं. त्याने मिनिटभर कान देऊन ऐकलं आणि निघून गेला. यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र काकांना कारखान्यानेही दिलं नव्हतं.

त्यांनी हात पुसले आणि जाऊन आपल्या जागी बसले, म्हणजे चालवणाऱ्याच्या शेजारी. मुलगी थोडा वेळ बाहेरच उभी राहिली. मग येऊन स्टीअरिंगमागे बसली.

"सांगा, कुठे जायचं?"

काकांनी आठवडाभर भोकांचा, बोल्टांचा, तेलाचा, पाण्याचा विचार केला होता. हा केला नव्हता.

"ते तुझी आई सांगायची," ते म्हणाले.

इंजिन छान चालत होतं. दोघं तशीच बसून राहिली. शेवटी शेडमधे धूर झाला, म्हणून मुलीने गाडी बाहेर तरी काढली.