सासऱ्यांसाठी वेगळं मशीन

एकाच कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर कशाला पाळायचे, असं ज्याला वाटतं त्याने खुशाल माझ्याशी वाद घालायला यावं. बसायला खुर्ची मी देईन, पण हरवूनच परत पाठवीन!

आमच्या हॉलमधल्या डेस्कटॉपमध्ये मी व्हर्च्युअल मशीनं थाटली आहेत. म्हणजे पेटी एकच, पण आत प्रत्येकाचा संसार वेगळा. एक जुन्या स्कॅनरसाठी, कारण तो नव्या सिस्टिमशी बोलायलाच तयार नाही. एक नवनवे प्रोग्रॅम चाखून बघायला. आणि एक खास सासऱ्यांसाठी!

सासरे भूगोलाचे निवृत्त मास्तर, मुक्काम आमच्याकडेच. स्क्रीनवर 'इथे दाबा' दिसलं की दाबायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांच्या कृपेने आमचा कॉम्प्युटर एकदा आठवडाभर फक्त जाहिराती दाखवत होता! मग मी त्यांना वेगळं मशीन करून दिलं. त्यात अशी सोय केली, की बंद केलं रे केलं की ते आपोआप पहिल्यासारखं कोरं व्हावं.

"बाबा, आता काय वाटेल ते दाबा!" मी म्हणालो. कोरं होण्याचं काही बोललो नाही. मास्तरांना समजावायला बसलं की तेच आपल्याला शिकवायला लागतात.

बाबा खूश झाले. पण पुढे पुढे गप्प गप्प राहू लागले. एका सकाळी हळूच म्हणाले, "जावईबापू, काल दुपारी मी इथे काही लिहीत बसलो होतो का हो?"

"मी कुठे होतो घरी?" मी बूट चढवत म्हणालो. "मला तर कधी लिहिताना दिसला नाहीत!"

झालं! बाबांचा चेहराच उतरला. संध्याकाळी लेकीला म्हणाले, "मी लिहितो असं मला नुसतं वाटतं गं. बघायला जावं तर काहीच नसतं."

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने बाबांच्या स्कूटरची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. एकट्याने बाहेर जाणं बंद! मलाही फार वाईट वाटलं. मी त्यांच्या दारावर 'ही तुमची खोली' अशी चिठ्ठी चिकटवली. ती वाचून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी आजाराचंच लक्षण समजलो!

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"काल काय केलंत, काका?" त्यांनी विचारलं.

"आत्मचरित्राचं पहिलं पान लिहिलं."

"आणि परवा?"

"पहिलं पान."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"पहिलंच पान," बाबा मान खाली घालून म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ते नसतंच. मग पुन्हा लिहितो."

बायकोने माझा हात घट्ट धरला. बाई जपून म्हणाल्या, "त्यातलं काही आठवतं का, काका? थोडंफार?"

बाबांनी घसा खाकरला आणि अख्खं पान धडाधड म्हणून दाखवलं! जन्म, नदीकाठचं घर, वडिलांचा मार, मध्ये मध्ये "इथे स्वल्पविराम" असंसुद्धा! वर म्हणाले, "सोमवारी नदी 'खवळलेली' होती. मंगळवारी मी ती 'फुगलेली' केली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ह्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तुमच्याकडे कॉम्प्युटर कोण बघतं?"

बायकोने माझा हात सोडला.

"हे बघा," मी उसळून म्हणालो, "मशीनने चोख काम केलंय! कोरं व्हायला सांगितलं, कोरं झालं! सुरक्षिततेच्या दृष्टीने..."

"गप्प बस!" बायको ओरडली. बाहेर बसलेले पेशंटसुद्धा गप्प झाले.

घरी आल्यावर बाबांना किल्ली परत मिळाली. त्यांच्या लिखाणाला मी न पुसली जाणारी जागा दिली. पण मशीन काढणार नाही म्हणजे नाही, असं ठणकावून सांगितलं.

"आत्ताच्या आत्ता काढ!" बायको कडाडली.

"अगं, असू दे," बाबा मध्येच म्हणाले. "ते कोरं होणारं मला लागेल."

माझी छाती फुगली! "ऐकलंस? मास्तरांना कळतं! कशासाठी हवंय, बाबा?"

"आत्मचरित्र नव्या जागी लिहीन," बाबा शांतपणे म्हणाले. "पण तुमच्यावरचं प्रकरण ह्यातच. रोज मनात येईल ते, येईल त्या शब्दांत लिहायचं, बंद करायचं, आणि मग तुमच्याबरोबर हसतमुखाने जेवायला बसायचं!"

आता बोला! व्हर्च्युअल मशीन का असावं, ह्याला आहे कोणाकडे ह्याहून भक्कम कारण?