माजघरातलं फाटक

मोताळ्याला रेल्वे नाही. गाडीने येणारा माणूस मलकापूरला उतरतो आणि पुढे एसटीने येतो. पण रेल्वेचं फाटक मात्र मोताळ्यात आहे, आणि ते आमच्या शेजारच्या शैलाताईंच्या माजघराच्या दारात आहे.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन काठ्या. त्या आडव्या झाल्या की बैठकीतून माजघरात जायचं नाही. फाटक जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर आहे, कोणीही टांग टाकून पलीकडे जाईल. मी एकदा गेलोही. शैलाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही शाळेत मुलांना शिकवता ना?" बस, एवढंच. तेव्हापासून फाटक पडलेलं असलं की मी हात मागे बांधून उभा राहतो. डावीकडच्या डोंगरातून सहा डब्यांची, बोटभर उंचीची गाडी निघते, दारातल्या फळीवरून खडखडत जाते, उजवीकडच्या झाडीत शिरते. मग काठ्या वर होतात आणि मी चहाला आत जातो.

शैलाताई अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यातली तीस वर्षं त्यांनी पुण्यात एका कंपनीत यंत्रांची ड्रॉइंगं काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्या मोताळ्याला आल्या आल्याच विचारून घेतलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "दोन खोल्यांचं घर होतं. एका खोलीत रेल्वे. नवरा कुठे ठेवणार?" बायकांना हे कारण पटलं नाही, पण त्यांनी विषय भाजीच्या भावावर नेला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आबा काही उभे राहिले नाहीत. आईला, म्हणजे मायला, त्यांना कूस बदलून देणंही जमेना. शैलाताईंनी नोकरी सोडली आणि सगळं सामान टेम्पोत भरून मोताळ्याला आल्या. सगळं म्हणजे काय, हे टेम्पोचा मागचा फाळका उघडल्यावर कळलं. कपड्यांच्या दोन बॅगा आणि तेवीस खोकी. प्रत्येक खोक्यावर वळणदार अक्षरात चिठ्ठी. हमाल वाचून वाचून गोंधळला.

"ताई, नदी कुठी ठेवू?"

"माजघरात. उलटी करू नका."

"आन् हा डोंगर?"

"डोंगर सध्या खाटेखाली सरकवा."

"बोगदे दोन हायेत."

"एकच आहे हो. दुसऱ्यात भांडी आहेत."

आमची अर्धी गल्ली त्या दिवशी कामधंदा सोडून ओट्यावर उभी होती. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की आबांची पोरगी खेळण्यांचं दुकान टाकून राह्यली.

शैलाताईंच्या रेल्वेत सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाचं असतं. स्टेशन, सिग्नल, फलाटावरचा हमाल, हमालाच्या डोक्यावरची ट्रंक. तीस वर्षं हा हिशेब करून त्यांच्या डोक्यात तो इतका भिनला आहे की त्या माणसांनाही तोच लावतात. गल्लीत कोणाशी वाजलं, कोणी टोमणा मारला, की त्या शांतपणे म्हणतात, "भागिले सत्त्याऐंशी." म्हणजे एवढंसं करून सोडून द्या. माझा मुख्याध्यापकांशी खटका उडाला तेव्हा त्यांनी मला हाच उपाय सांगितला. दुसऱ्या दिवशी साहेब ओरडत असताना मी मनातल्या मनात त्यांना बोटाच्या पेराएवढं करून फलाटावर उभं केलं. मला हसू फुटलं आणि प्रकरण आणखी वाढलं.

वेळही त्यांच्याकडे रेल्वेचीच. मायची आंघोळ सकाळी सात दहाला, आबांचं पथ्याचं जेवण बारा पाचला. मला चहाचं आमंत्रण सतरा चाळीसचं असतं. दहा मिनिटं उशीर झाला की दारातच ऐकू येतं, "गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मायला सुरुवातीला हे सगळं जड गेलं. "हे आंघोय हाय का पॅसेंजर हाय बे?" असं ती मला विचारायची. पण महिन्याभरात तीच भाजीवालीला सांगू लागली, "आता नको येऊ माय, बारा पाच होऊन राह्यले."

रेल्वे मांडायला मात्र दोन महिने लागले. टेबल पुण्याहून तुकड्यांत आलं होतं. आमच्या सलीमभाई सुतारांनी ते माजघरात जोडलं, दाराच्या डाव्या हाताला अर्धं आणि उजव्या हाताला अर्धं, मध्ये दारात उचलती फळी. सगळं झाल्यावर शैलाताई बैठकीत गेल्या, आबांच्या खाटेवर आबांशेजारी आडव्या झाल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "पाय कापा."

"किसका पाय?" सलीमभाई दचकले.

"टेबलाचे. इथून आबांना गाडीची नुसती चाकं दिसताहेत."

सलीमभाईंनी कुरकुरत पाय कापले. आता ते टेबल इतकं बुटकं आहे की गाडी रुळावर ठेवायची तर शैलाताईंना फरशीवर गुडघे टेकून बसावं लागतं. पण आबांना खाटेवरून, मान न उचलता, दारातून जाणारी अख्खी गाडी दिसते. आबांच्या साध्या घड्याळाने संध्याकाळी सात पाचची अप आणि सात पंचवीसची डाउन. तिसरी गाडी नाही.

या दोन गाड्यांवर त्या घरात किती अवलंबून होतं, ते मला ठाऊक आहे, कारण बोलणं झालं तेव्हा मी तिथेच होतो. पहिली गाडी धावली त्या दिवशीची गोष्ट. आबांचा आवाज अजून शेतातल्या माणसाचा आहे, या बांधावरून त्या बांधावर जाणारा.

"शैले, आयकून घे. मायासाठी पोरीनं सारं सोडलं, असं मले नाई पायजे. तुही गाडी इथं धावत असन तं ऱ्हाय. ज्या दिवशी बंद पडली, त्या दिवशी मी आश्रमात जातो आन् तू पुण्याले जाय. मास्तर, तुमी साक्षी हा."

नुसतं बोलून थांबले नाहीत. मला पाठवून जिल्ह्याच्या गावातल्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म आणवला आणि दोघा नवराबायकोच्या सह्या करून ठेवला. तारखेची जागा तेवढी कोरी. शैलाताईंनी तो फॉर्म वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि आबांना परत दिला. पण त्यानंतर सात पाच कधी चुकली नाही. त्यांना एकदा चांगला सणकून ताप होता, तरी चुकली नाही.

मग मागचा मे महिना आला. आमच्याकडचा मे काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. एका दुपारी तारांमध्ये काय झालं देव जाणे, दिवे एकदम पांढरे फटक झाले आणि गल्लीतले चार टीव्ही, दोन कूलर आणि माझा मिक्सर एका दमात गेले. मला संध्याकाळी सुचलं की शैलाताईंची रेल्वेही विजेवरच चालते. मी तसाच उठलो आणि जवळचं म्हणून त्यांच्या मागच्या दाराने माजघरात शिरलो. सात वाजून गेले होते. जळक्या वायरीचा वास येत होता. इंजिनं उघडी करून पाटावर मांडलेली.

शैलाताई उजव्या बाजूच्या टेबलामागे गुडघ्यांवर बसल्या होत्या. हातात काळा दोरा. डाव्या बाजूला माय शिलाई मशीन पुढ्यात घेऊन तयार. मला पाहून शैलाताईंनी तोंडावर बोट ठेवलं. एका वेगळ्या दोऱ्याने त्यांनी फाटकाच्या काठ्या पाडल्या. बरोबर सात पाचला त्यांनी मायला खूण केली. माय मशीनचं चाक गरागरा फिरवू लागली, कापड नाही, सुईत दोरा नाही, नुसतं खडखड खडखड. आणि शैलाताई हातावर हात टाकत दोरा ओढू लागल्या. विहिरीतून बादली काढावी तशी ती गाडी डोंगरातून निघाली, डुगडुगत दारातून गेली आणि झाडीत शिरली.

"गेली काय अप?" बैठकीतून आबांचा आवाज आला.

"गेली!" शैलाताई ओरडल्या. मग माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "सर, डाउन तुम्ही ओढा. दोरा तिकडे सोडलेला आहे. मला या बाजूने त्या बाजूला जाता येत नाही, दारात आबांना दिसेन. आणि मायला मशीन आहे."

चोपन्नाव्या वर्षी मी एका बुटक्या डोंगरामागे गुडघे टेकले. माझं पोट टेबलाच्या कडेला लागून एक सिग्नल मोडला. सात पंचवीसला मी गाडी ओढली. पहिल्याच झटक्याला जरा जास्त जोर लागला आणि आमची पॅसेंजर दारातून मेलच्या वेगाने गेली.

नंतर मागच्या ओसरीत चहा पिताना मी म्हटलं, "ताई, सुटे भाग कधी येतील?"

"बाहेरून मागवावे लागतात. दोन महिने तरी."

"दोन महिने रोज हे करणार? आबांना सरळ सांगा ना. इतके काही ते अडाणी नाहीत."

त्यांनी कप खाली ठेवला. मग बोलल्या तेव्हा त्यांचं पुणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"सर, पुण्याले मी तीस वर्सं गाडी चालवली. रोज संध्याकाळी. एकटीच चालवू, एकटीच पाहू. कोणी म्हटलं नाई का गाडी आली म्हणून. इथं एक माणूस साडेसहापासून दाराकडे तोंड करून पडून राह्यते. त्याची गाडी बंद कशी करू, सांगा ना मले?"

मी चहा संपवला आणि उद्या किती वाजता येऊ ते विचारलं. 

तेव्हापासून मी रोज सात वाजता मागच्या दाराने जाऊ लागलो. बायकोला वाटलं मला व्यायामाचं वेड लागलं, कारण रोज घरी येऊन मी गुडघ्यांना तेल चोळत होतो. महिना झाला. मी गाडी बऱ्यापैकी ओढू लागलो. मायने मशीनवर स्टेशन आलं की वेग कमी करायलाही शिकून घेतलं.

एक दिवस मी समोरच्या दाराने गेलो. शैलाताई आत होत्या, सातला अवकाश होता. आबांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने, जमेल तितक्या हळू, म्हटलं, "मास्तर, इकडं या."

त्यांनी डोकं जरा उचललं, खालच्या दोन उशांपैकी एक ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

"हे शैलीच्या गुडघ्याखाली द्या. फरशी लय टणक हाय. मी देल्ली म्हनू नका. तुमाले बी लागन, पन माह्याजोळ दोनच हायेत, तुमी घरून आना."

मी उशी काखेत धरली आणि आवाज खाली आणला.

"आबा, तुम्हाला कधीपासून..."

"इंजिनाचा दिवा लागत नाई, मास्तर. आन् त्या मशीनीचा आवाज मी पन्नास वर्सं आयकला."

"मग तो आश्रमाचा फॉर्म?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक माझीच होती. मग त्यांनी उरलेली उशी मानेखाली नीट केली आणि दाराकडे तोंड वळवलं.

"आश्रमात काऊन जाऊ?" ते म्हणाले. "गाडी चालू हाय ना."