समुद्रातली विहीर

पाण्यातलं मला कळतं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. अहमदपूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर माझं मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. कुठल्या बोअरला कुठली मोटार बसेल, पाइप कुठं फुटला असेल, हे मी गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगतो! पाण्यानं मला आजवर कधी फसवलं नव्हतं. म्हणजे थायलंडला जाईपर्यंत नव्हतं.

थायलंड म्हटल्यावर गालातल्या गालात हसू नका. गेल्या साली मोटार कंपनीनं डीलर लोकांची सहल काढली होती, आणि मी माझ्या मायला घेऊन गेलो होतो. सगळ्या विमानात आई घेऊन आलेला डीलर मी एकटाच! बाकीच्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी वरातीत कीर्तनकार घेऊन आलोय.

खरं तर जायचं होतं बायकोला, उज्वलाला. पण कंपनीनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ धाडला आणि सगळं फिरलं. व्हिडिओत एक रबरी होडी समुद्रातल्या डोंगराच्या काळ्या भोकात शिरत होती. अंधार, अंधार, आणि एकदम उजेड! चारी बाजूंनी उंच कडे, त्यांच्यावर लोंबणारी झाडं, वर गोल आभाळ आणि खाली हिरवंगार पाणी. डोंगराच्या पोटात!

माय चष्मा सारखा करत म्हणाली, "अगं बया! ही तर इहीर हाय! समुद्रात इहीर!"

माझी माय धोंडाबाई सत्तरीच्या पुढची. लग्न होऊन आली ती थेट विहिरीवर. पोहऱ्यानं पाणी शेंदण्यात तिचे हात झिजले. आयुष्यात तिनं कधी काही मागितलं नाही. साडी आणली तर "काऊन आणलीस?", दवाखान्यात नेलं तर "काऊन आणलंस?" पण त्या व्हिडिओनंतर ती रोज सांजच्याला माझ्याजवळ येऊन बसायची. "बजरंगा, ती इहीर लाव की रं."

चार-पाच दिवस हे चाललं, तेव्हा उज्वला म्हणाली, "अहो, मायलाच घेऊन जावा. मी काय, पुढच्या साली येईन."

"अगं, पण तिला झेपंल का?"

"तुम्हाला झेपणार हाय का, त्ये बघा आधी."

तिचं हे बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

मायनं सगळ्या गल्लीला सांगितलं, "समुद्रातली इहीर बघून येते." तिच्या लेखी थायलंड, विमान, पासपोर्ट, हे सगळं त्या विहिरीकडं जायच्या वाटेवरचे थांबे होते.

तर तो दिवस उजाडला. सकाळी धक्क्यावरून एका मोठ्या बोटीनं आम्ही निघालो. खाडी म्हणजे काय सांगू! हिरवं पाणी, आणि त्यातनं सरळ वर आलेले दगडी डोंगर, शेतात कडब्याच्या गंजी उभ्या असाव्यात तसे. मायच्या नऊवारी लुगड्यावर केशरी जाकीट चढवलेलं. ती कठड्याला धरून बघत होती आणि पदरानं तोंडावरचा खारा वारा पुसत होती.

"बजरंगा, ह्ये डोंगर कुनी रोवले असतील रं?"

"आपोआप उगवलेत, माय."

"आपोआप काय उगवतंय? कुनीतरी लावलंच आसंल."

बोटीवर नोक नावाची एक तरतरीत गाइड बाई होती. ती इंग्रजीत सांगायची आणि मी मायला मराठीत. आमच्यासोबत नांदेडचा डीलर अमरनाथ होता. पांढरी पँट, काळा गॉगल, आणि हातात फोनची ती लांब काठी. विहिरीतला फोटो काढून सगळ्या नांदेडला जळवायचं, एवढ्या एकाच हेतूनं तो देश सोडून आला होता.

नोक म्हणाली, "वॉटर लो, गो. वॉटर हाय, नो गो!"

मी मायला समजावलं, "भोकात पाणी कमी हाय तवर जायचं. भरती आली की रस्ता बंद."

"म्हंजी आपल्या वढ्यावरच्या पुलावानी," माय म्हणाली. तिला एका वाक्यात कळलं. मला कळायला पुढचा तासभर लागला.

डोंगराजवळ बोट थांबली. रबरी होड्या कमी, माणसं जास्त. म्हणून दोन तुकड्या केल्या. म्हाताऱ्या माणसांना आधी पाठवायचं, म्हणून पहिल्या तुकडीत माय! एक काटक, हसरा माणूस वल्हं घेऊन होडी बोटीला लावून उभा राहिला.

"माय नेम चाय!" तो म्हणाला.

"नको म्हनावं, आत्ताच घेतला," माय म्हणाली.

चाय हे त्याचं नाव, हे मी समजावीपर्यंत माय होडीत जाऊनसुद्धा बसली! लुगडं सावरून, मांडी घालून, बैलगाडीत बसावं तशी. चेहरा असा फुलला होता, की मी तिला तसं कधी बघितलंच नव्हतं.

आणि इथं मी माती खाल्ली.

ती होडी मी आत्ता नीट बघितली. रबर! हवा भरलेलं! त्यात माझी माय! मी ओरडलो, "थांबा! चाय, स्टॉप! मदर ओल्ड! फर्स्ट मी!"

"मामा नो प्रॉब्लेम!" चाय म्हणाला.

"नो, नो! आय चेक! देन मदर!"

माय म्हणाली, "आरं बसले की मी! काऊन उठवून राहिलास?"

"माय, मी आधी आत जाऊन बघतो. समदं ठीक असलं तर दुसऱ्या खेपंला तू. पान्यातलं मला कळतं, का तुला?"

मायनं हात वर केला. मी तिला ओढून बोटीवर घेतलं आणि तिच्या उबदार जागेवर स्वतः जाऊन बसलो. होडी माझ्या बाजूनं अशी खचली, की चायनं माझ्या पोटाकडं बघून दुसऱ्या माणसाला हातानंच थोपवलं. "वन ओन्ली!"

निघालो. बाकीच्या होड्या एकेक करून भोकात गडप झाल्या. आमची शेवटची. आत शिरताच गार अंधार, वटवाघळांचा वास, आणि टप टप पाणी. छत खाली खाली येत चाललं.

"लाय डाउन!" चाय म्हणाला. मी आडवा झालो. बाकी सगळं आडवं झालं, पोट तेवढं उभंच राहिलं.

तेवढ्यात आवाज आला. फुस्स्स्स!

सगळी हयात पाइपांत गेलेल्या माणसाला हा आवाज झोपेतसुद्धा कळतो. गळती! काळोखात चाचपडत मी भोक शोधलं. माझ्या कुशीजवळच होतं. गळती सापडली की आधी अंगठा दाबायचा, विचार मागून! मी दाबला. आवाज बंद!

"नो! नो!" चाय ओरडला. "एअर आउट, गुड!"

"व्हॉट गुड? एअर आउट, वुई ऑल आउट!"

झालं होतं असं, की छत खाली होतं, म्हणून होडी बुटकी करायला चायनंच बूच ढिलं करून हवा सोडली होती. ते लोक रोज तसंच करतात. पण त्याला एवढं इंग्रजी येत नव्हतं आणि मला एवढी अक्कल नव्हती! तो अंगठा उपटायचा, मी दुसऱ्या हाताचा लावायचो. खालून भरतीचं पाणी होडीला वर उचलत होतं आणि वरून छत काही हटत नव्हतं. शेवटी माझं पोट दगडाला टेकलं आणि होडी अशी घट्ट बसली, जशी बाटलीला बूच!

आतून शिट्ट्या वाजायला लागल्या. आत गेलेल्या होड्या परत निघाल्या होत्या, आणि दारात मी! अंधारात बॅटऱ्या चमकल्या, आडवे पडलेले गोरे-काळे लोक एकमेकांवर आपटले, आणि मला निरनिराळ्या देशांच्या भाषांत बोलणी बसली. एकही भाषा येत नव्हती, पण अर्थ सगळा लागला.

अखेर चायनं माझ्या काखेत गुदगुल्या केल्या.

अंगठा सुटला. फुस्स्स! होडी खाली बसली आणि सुळकन पुढं सरकली. आपण बुडतोय याची माझी खात्री झाली. मी डोळे गच्च मिटले आणि कुलदैवतापासून सुरुवात करून गावच्या म्हसोबापर्यंत आलो.

एकाएकी पापण्यांवर ऊन पडलं. कुठंतरी पाखरू बोललं. सगळीकडं शांत, शांत. मला वाटलं, आटोपलं! वर पोचलो!

"लुक!" चाय म्हणाला. "ब्यूटिफुल! लुक, लुक!"

"नो लुक!" मी डोळे आणखी आवळून ओरडलो. "गो मदर! गो मदर!"

पुन्हा शिट्टी झाली. होडी गर्रकन वळली, पुन्हा अंधार आला, पुन्हा दगड माझ्या नाकावरून गेला. डोळे उघडले तेव्हा मी मोकळ्या समुद्रावर होतो आणि समोर आमची बोट होती.

कठड्याला माय उभी होती. जाकिटाचे पट्टे तिनं स्वतःच करकचून आवळले होते आणि चपला काढून पिशवीत ठेवल्या होत्या.

"आलास का? चल, सर. माझा लंबर."

नोकनं डोंगराकडं बघितलं. ज्या भोकातून मी आत्ताच बाहेर आलो होतो, तिथं आता पाणी छताला लागून डुबुक डुबुक करत होतं.

"सॉरी, मामा," ती म्हणाली. "डोअर क्लोज."

माय माझ्याकडं बघत राहिली, मी मराठीत सांगायची वाट बघत. तेवढं इंग्रजी मला आलं नसतं, तर किती बरं झालं असतं!

"माय... भरती आली. दार बंद झालं."

"मग उद्याच्याला?"

"उद्या आपलं विमान हाय."

"अस्सं," ती म्हणाली आणि जाकिटाचे पट्टे सोडायला लागली. गाठ पक्की बसली होती. सुटता सुटेना. मी पुढं झालो तर म्हणाली, "राहू दे. माझी मी सोडते."

अमरनाथचीही दुसरीच तुकडी होती. तो काठी हवेत नाचवत म्हणाला, "बजरंगराव, काय मानूस हाव का कोन हाव तुमी? आँ? सकाळपासून केसांचा भांग जपून राहिलो मी! नांदेडला जाऊन काय दाखवू? तुमचं पोट?" त्याची फजिती बघून एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी नाही आलं.

जेवणं झाली. माय घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. अर्धा धपाटा मला दिला. राग कुठं दिसेना. उलट डोळे पुन्हा चमकत होते.

"बरं. तू तर बघून आलास ना? सांग मग. पानी कसं व्हतं? खोल व्हतं का? आभाळ खरंच गोल दिसतं?"

रंगवून सांगावं, असं माझ्या मनात आलं होतं. व्हिडिओ तर मलाही पाठ होता. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि खरं तेच सांगितलं.

"माय, मी डोळे मिटले व्हते."

"समदा येळ?"

"हाव."

तिनं हातातला घास तसाच खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "मंग मला कशाला उठवलंस रं? मी तर उघडे ठेवून बसले व्हते."

मी हातातला अर्धा धपाटा परत तिच्या पुढ्यात ठेवला.

नोकला आमची दया आली असावी. राहिलेल्या लोकांना ती डोंगराच्या बाहेरून फेरी मारायला होडीत बसवायला लागली. माय उठली. मीही उठलो, तशी म्हणाली, "तू बस इथंच." आणि चायच्या होडीत जाऊन तशीच मांडी घालून बसली.

मी कठड्यावरून बघत होतो. होडी दूर गेली तशी माय लहान दिसायला लागली, केशरी जाकिटातल्या पोरीएवढी. तिनं पाण्यात हात घातला, बोट चाटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. चाय हसला. मग तिनं डोंगराकडं बोट दाखवलं. चायनं होडी त्या भोकाजवळ नेऊन थांबवली. माय पुढं वाकली, ओल्या दगडाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. किती वेळ ती तिथं थांबली कुणास ठाऊक! चायनंही घाई केली नाही.

परत आल्यावर मी विचारलं, "कुठवर गेली व्हतीस, माय?"

"दारापत्तुर."

"काय दिसलं?"

"दार लावलेलं."

पुढच्या साली पुन्हा जाऊ, असं मी तिला विमानात सांगितलं. ती "हाव" म्हणाली आणि खिडकीशी झोपली. पण यंदा माझी विक्री बसली आहे, आणि मायचे गुडघेही. ते दार उघडायचं ते रोज उघडतं म्हणे. आम्ही तिथं नसतो एवढंच.

अहमदपूरला आलो त्याच दुपारी गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. शेजारच्या नीलाबाईनं पुढं सरकून विचारलं, "धोंडाबाई, सांगा की, कशी व्हती वो समुद्रातली इहीर?"

मी दारात उभा. आता माय सगळं सांगणार, म्हणून मी मान खाली घातली.

मायनं तांदूळ निवडता निवडता शांतपणे माझ्याकडं बोट केलं. "त्याला इचारा बाई. माझ्या वाटंचं बी त्यानंच बघून घेतलं."

झालं! तेव्हापासून मोंढ्यात, लग्नात, एसटीत जो भेटतो तो विचारतो, "बजरंगराव, काय असतं हो आत?" मी सांगतो, "काही नाही, अंधार असतो." आणि ते खोटं नाही. डोळे मिटले की असतोच!